गाजलेल्या गाण्यांचे वेचे

परशुरामपंततात्या गोडबोले यांचे ‘नवनीत’ १८५४ साली प्रसिद्ध झाले. प्राचीन मराठी कवींच्या निवडक वेच्यांचा हा ग्रंथ कित्येक पिढ्यांच्या शिक्षणाचा भाग होता. मुक्तेश्वर, वामनपंडित, मोरोपंत यांची ओळख असंख्य मराठी वाचकांना प्रथम झाली ती या वेच्यांतूनच. मूळ काव्यग्रंथ हाती घेणारे थोडे, वेचे मुखोद्गत असणारे पुष्कळ, अशी स्थिती होती. वेचणाऱ्याने जे उचलले ते लोकांच्या ओठांवर राहिले आणि जे वगळले ते पोथ्यांत पडून राहिले. ग्रंथालयाच्या कपाटांशी ज्यांचा आयुष्यभर संबंध आला त्यांना हा अनुभव नवा नाही. वाचनालयाच्या शतकमहोत्सवी ग्रंथासाठी लिहिताना मला मात्र याच जातीचा दुसरा एक इतिहास सांगावासा वाटतो. तो पुस्तकांचा नसून तबकड्यांचा आहे, आणि विसाव्या शतकाच्या मध्यास तो अमेरिकेत घडला.

या विषयाकडे मी वळलो तो एका कोड्यामुळे. गोव्यातील आमच्या शेजारचे एक गृहस्थ जहाजावर नोकरीला होते. परदेशातून येताना ते ७८ फेऱ्यांच्या तबकड्या कापडात गुंडाळून आणीत. त्यांच्या ओसरीवर नॅट किंग कोल या गायकाचे ‘मोना लिसा’ हे गाणे मी लहानपणी इतक्या वेळा ऐकले होते की त्यातील श्वासाच्या जागाही माझ्या परिचयाच्या झाल्या होत्या. पुढे कित्येक वर्षांनी याच गायकाच्या गाजलेल्या गाण्यांची एक कॅसेट विकत घेतली. गाणे तेच, गायक तोच, चालही तीच. पण आवाज अधिक पिकलेला, वाद्यवृंद अधिक पसरलेला, आणि श्वासाच्या जागा निराळ्या. प्रथम वाटले, आपलीच आठवण दगा देते आहे. शेजाऱ्यांकडील तबकडी पुन्हा ऐकली तेव्हा आठवण बरोबर निघाली. कॅसेटवर गाण्याचे नाव होते, गायकाचे छायाचित्र होते. ध्वनिमुद्रणाचे वर्ष मात्र कोठेही नव्हते.

मायक्रोफोनने घडवलेला गळा

ज्या गायकांना अमेरिकेत ‘क्रूनर’ म्हणत त्यांचा जन्म एका यंत्राच्या कुशीत झाला. १९२५ पूर्वी ध्वनिमुद्रण करताना गायकाला मोठ्या कर्ण्यासमोर उभे राहून खणखणीत आवाजात गावे लागे. कर्ण्यात जो स्वर जोराने शिरला तोच तबकडीवर उमटायचा. त्या वर्षी व्हिक्टर आणि कोलंबिया या कंपन्यांनी विद्युत ध्वनिमुद्रणाची पद्धत स्वीकारली, मायक्रोफोन आला, आणि कुजबुजीइतका हळू स्वरही टिपता येऊ लागला. ‘क्रून’ या शब्दाचा जुना अर्थ बाळाला निजवताना गुणगुणावे तसे गुणगुणणे असा आहे. रंगमंचाच्या शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचवण्याची सक्ती उरली नाही आणि गाणे एका माणसाने दुसऱ्याच्या कानाशी बोलावे तसे झाले.

ही जवळीक सर्वांनाच रुचली नाही. बॉस्टनचे कार्डिनल ओकॉनेल यांनी १९३२ साली या गायनपद्धतीवर जाहीर टीका केली. पुरुषाने असे लाडिक गावे हे त्यांना अनीतीचे वाटले. लोकांनी मात्र कान उघडे ठेवले. रूडी व्हॅली, बिंग क्रॉस्बी, पेरी कोमो, फ्रँक सिनात्रा, नॅट किंग कोल, डीन मार्टिन, जॉनी मॅथिस ही नावे रेडिओ आणि तबकडी यांच्या जोरावर घरोघरी गेली.

आपल्याकडेही याच यंत्राने काय केले ते वाचकांना ठाऊक आहे. जी. एन. जोशी, गजाननराव वाटवे प्रभृतींचे भावगीत नाट्यपदाहून निराळे वाटले, त्याचे एक कारण कवितेत होते तर दुसरे मायक्रोफोनमध्ये. नाट्यगृह भरून टाकणाऱ्या आवाजाची जागा दिवाणखान्यातल्या आवाजाने घेतली. अमेरिकेतील क्रूनर आणि मराठी भावगीतगायक यांनी एकमेकांचे अनुकरण केले असे मला सुचवायचे नाही. दोहोंना जागा करून देणारे साधन एक होते, एवढेच.

अल्बम म्हणजे वही

१० इंची, ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर सुमारे ३ मिनिटांचे गाणे मावे. गाणे म्हणजे एक बाजू आणि तबकडी म्हणजे दोन गाणी, असा हिशेब होता. अनेक तबकड्या एकत्र द्यायच्या तर कागदी पाकिटे शिवून, पुठ्ठ्याची बांधणी करून, छायाचित्रांच्या वहीसारखी वही करावी लागे. तिचे नाव ‘अल्बम’. वही गेली तरी नाव राहिले. ‘बिलबोर्ड’ या व्यावसायिक नियतकालिकाने मार्च १९४५ मध्ये अल्बमांची पहिली यादी छापली, तेव्हा अग्रस्थानी किंग कोल ट्रायोचा अल्बम होता. सिनात्राच्या १९४६ च्या पहिल्या अल्बममध्ये ४ तबकड्या आणि ८ गाणी होती.

२१ जून १९४८ रोजी न्यू यॉर्कमध्ये कोलंबिया कंपनीने मिनिटाला ३३ १/३ फेऱ्यांची दीर्घ तबकडी जाहीर केली. १२ इंची तबकडीच्या एका बाजूवर २० मिनिटांहून अधिक संगीत मावू लागले. पुढच्याच वर्षी आरसीए व्हिक्टरने ४५ फेऱ्यांची लहान तबकडी आणली. काही काळ दोघांत चुरस झाली आणि अखेर कामाची वाटणी झाली. एकेरी गाणे लहान तबकडीवर, दीर्घ रचना किंवा गाण्यांचा समूह मोठ्या तबकडीवर.

या वाटणीतून एक अडचण उभी राहिली. सिनात्रासारख्या गायकाने दीर्घ तबकडीचा उपयोग एकाच मनःस्थितीची गाणी गुंफण्यासाठी केला. १९५५ मधील त्याची ‘इन द वी स्मॉल अवर्स’ ही तबकडी म्हणजे उत्तररात्रीच्या एकाकीपणाची सलग मालिकाच होती. रेडिओवर गाजणारी सुटी गाणी अशा मालिकेत बसत नसत. ती लहान तबकडीवर येत, काही आठवडे गाजत आणि दुकानातून नाहीशी होत. त्यांना एकत्र निवारा द्यावा म्हणून कॅपिटॉल कंपनीने १९५६ मध्ये ‘धिस इज सिनात्रा!’ हा संग्रह काढला. पाहुण्यांना एका खोलीत जागा करून द्यावी तशी ही गाणी तेथे एकत्र आली. त्यांना जोडणारा धागा एकच होता, लोकप्रियता.

१९५८ चा मार्च

१४ मार्च १९५८ रोजी अमेरिकेतील ध्वनिमुद्रण उद्योगाच्या संघटनेने पहिली अधिकृत सुवर्ण तबकडी पेरी कोमो याच्या गाण्याला दिली. तोवर कंपन्या आपापल्या गायकांना स्वतःच सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी भेट देत. आता खपाला बाहेरचा शिक्का मिळाला. त्यानंतर ३ दिवसांनी, १७ मार्च रोजी, कोलंबियाने ‘जॉनीज ग्रेटेस्ट हिट्स’ प्रसिद्ध केली.

जॉनी मॅथिस तेव्हा अवघा २२ वर्षांचा होता. टेक्सासमध्ये जन्मलेला आणि सॅन फ्रान्सिस्कोत वाढलेला हा कृष्णवर्णीय तरुण उंच उडीतील नामांकित खेळाडू होता. १९५६ मध्ये ऑलिंपिकची निवडचाचणी आणि न्यू यॉर्कमधील ध्वनिमुद्रण यांतून त्याला एकाची निवड करावी लागली, आणि त्याने गाणे निवडले. पहिली तबकडी जाझच्या अंगाने गेली, ती फारशी खपली नाही. कंपनीचा निर्माता मिच मिलर याने त्याला संथ प्रेमगीतांकडे वळवले. १९५७ मध्ये एकापाठोपाठ एक गाणी गाजली. मग कंपनीला पुढची तबकडी हवी होती आणि दौऱ्यांमुळे गायकाला सवड नव्हती. तेव्हा बहुतांशी लहान तबकड्यांवर आधीच आलेली अशी १२ गाणी एका मोठ्या तबकडीवर घेण्यात आली. त्यांतील काही तर लहान तबकड्यांच्या मागल्या बाजूची होती.

सोयीसाठी काढलेली ही तबकडी बिलबोर्डच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेली आणि मध्ये खंड पडत पडत एकूण ४९० आठवडे, म्हणजे ९ वर्षांहून अधिक काळ, यादीत राहिली. हा विक्रम १९८३ पर्यंत अबाधित होता. गाजलेली गाणी एकत्र करण्याची कल्पना पूर्वीही होती, परंतु ‘ग्रेटेस्ट हिट्स’ या दोन शब्दांना व्यापारी मंत्राचे सामर्थ्य आले ते या तबकडीपासून.

या यशाचा हिशेब अवघड नाही. वाद्यवृंद, संगीतसंयोजक, स्टुडिओ यांचा खर्च आधीच झालेला होता. गाणी कसाला लागलेली होती. ग्राहकालाही जोखीम नव्हती, कारण बहुतेक गाणी तो ओळखून होता किंवा ओळखण्याच्या बेतात होता. लहान तबकड्या तरुण मुले विकत घेत. मोठी तबकडी संसारी माणसे घेत, संध्याकाळी लावून ठेवीत आणि पुन्हा उठून बाजू बदलण्यापलीकडे तिच्याकडे पाहत नसत. नव्याच्या शोधापेक्षा ओळखीच्या सोबतीला अधिक ग्राहक असतो, हे ग्रंथालयाच्या देवघेवीच्या खिडकीत बसणाऱ्यालाही ठाऊक आहे.

तेच गाणे, पुन्हा गायलेले

येथपर्यंत वेचे मूळ पाठाशी प्रामाणिक होते. पण लवकरच, आणि काही बाबतींत त्याआधीच, पाठ बदलू लागले. सर्वांत प्रसिद्ध उदाहरण बिंग क्रॉस्बीचे आहे. ‘व्हाइट ख्रिसमस’ हे त्याचे गाणे २९ मे १९४२ रोजी डेक्का कंपनीने मुद्रित केले. जगात सर्वाधिक खपलेली एकेरी तबकडी म्हणून तिची गणना होते. प्रती इतक्या काढाव्या लागल्या की साचा झिजला. म्हणून १८ मार्च १९४७ रोजी तोच वाद्यवृंद आणि तेच सहगायक बोलावून, शक्य तितके पहिल्यासारखे, गाणे पुन्हा मुद्रित करण्यात आले. पुढील संग्रहांत आणि नाताळच्या दिवसांत जगभर जे ऐकू येते ते बहुधा हे दुसरे मुद्रण आहे. युद्धकाळात घरापासून दूर असलेल्या सैनिकांनी ज्या गाण्यावर डोळे पुसले ते पहिले.

१९५४ मध्ये क्रॉस्बीने ‘बिंग: अ म्युझिकल ऑटोबायोग्राफी’ हा ५ दीर्घ तबकड्यांचा संग्रह काढला. त्यात तो मधून मधून बोलतो, आठवणी सांगतो, आणि जुनी गाणी वयाच्या पन्नाशीत नव्याने गातो. आत्मचरित्रकार आपल्या तरुणपणाबद्दल उतारवयाच्या भाषेत लिहितो, तसाच हा प्रकार होता. आणि नावातच आत्मचरित्र असल्यामुळे त्यात फसवणूक नव्हती.

माझ्या कोड्याचे उत्तर १९६१ मध्ये होते. दुहेरी ध्वनीचे, म्हणजे स्टीरिओचे, युग आले होते आणि जुनी मुद्रणे एकेरी ध्वनीची होती. कॅपिटॉलने नॅट किंग कोलकडून त्याची गाजलेली गाणी स्टीरिओसाठी पुन्हा गाऊन घेतली. ‘द नॅट किंग कोल स्टोरी’ या ३ तबकड्यांच्या संग्रहात अशी ३६ गाणी आली. शेजाऱ्यांच्या ओसरीवर मी ऐकले ते १९५० चे ‘मोना लिसा’ होते. कॅसेटवर आले ते ११ वर्षांनंतरचे. दोन्ही कोलचीच आणि दोन्ही सुरेख. पण ज्या गाण्याने त्या वर्षी अमेरिका भारून गेली ते पहिले, आणि कॅसेटवर ‘गाजलेले’ म्हणून मिळाले ते दुसरे.

सिनात्राच्या बाबतीत कारण वेगळे होते. १९४३ ते १९५२ तो कोलंबियाकडे, १९५३ पासून कॅपिटॉलकडे, आणि १९६० मध्ये स्थापन केलेल्या स्वतःच्या रिप्राइज कंपनीकडे गायला. जुनी मुद्रणे जुन्या कंपन्यांच्या मालकीची राहिली. म्हणून १९६३ मध्ये ‘सिनात्राज सिनात्रा’ या तबकडीसाठी त्याने आपली आवडती गाणी बहुतांशी नव्याने मुद्रित केली. पुढे तिन्ही कंपन्यांचे आपापले संग्रह निघाले आणि प्रत्येकाच्या वेष्टनावर सिनात्राच होता. ऐकणाऱ्याला वाटे की हा गायकाच्या कारकिर्दीचा कौल आहे. वस्तुतः त्या निवडीची सीमा करारपत्राने आखलेली असे.

मृत्यूनंतरचे वेचे

जिम रीव्ह्ज हा मूळचा कंट्री परंपरेतील गायक, पण मायक्रोफोनच्या अगदी जवळ जाऊन मऊ, खर्जातल्या आवाजात गाण्याची त्याची रीत क्रूनरांचीच होती. भारतात तो अतिशय लोकप्रिय झाला. नाताळच्या दिवसांत आमच्या परिसरातील ख्रिस्ती घरांतून त्याचा आवाज ऐकू येई. ३१ जुलै १९६४ रोजी स्वतः चालवत असलेले विमान कोसळून तो मरण पावला. त्यानंतरही त्याची नवी वाटणारी गाणी येतच राहिली. ‘डिस्टंट ड्रम्स’ हे केवळ नमुन्यादाखल गाऊन ठेवलेले गाणे होते. मागाहून त्यावर वाद्यवृंद चढवण्यात आला आणि १९६६ मध्ये ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेले.

१९८१ मध्ये याच्याही पुढची पायरी गाठली गेली. पॅट्सी क्लाइन ही गायिका १९६३ मध्ये विमान अपघातातच वारली होती. रीव्ह्ज आणि क्लाइन यांनी एकत्र कधीच ध्वनिमुद्रण केले नव्हते. चुंबकीय फितीवर आवाज आणि वाद्ये वेगवेगळ्या पट्ट्यांवर असल्यामुळे दोघांचे आवाज सुटे करता आले. त्यांना नव्या वाद्यवृंदाची जोड देऊन त्यांचे युगुलगीत तयार झाले आणि ‘ग्रेटेस्ट हिट्स’ या नावाच्या संग्रहात ते विकले गेले. जे घडलेच नव्हते तेही आता गाजलेल्या गाण्यांत जमा झाले. १९९१ मध्ये नॅटली कोलने आपल्या दिवंगत वडिलांच्या ‘अनफर्गेटेबल’ या गाण्यात अशाच रीतीने आपला स्वर मिळवला. तेथे ही गोष्ट उघडपणे सांगितली होती आणि मुलीची माया ऐकणाऱ्यांपर्यंत पोहोचली. तंत्र एकच असले तरी नोंद असणे आणि नसणे यात अंतर आहे.

वगळण्याचाही एक इतिहास आहे. नॅट किंग कोल मुळात अव्वल दर्जाचा जाझ पियानोवादक होता. त्याचे त्रिकूट गाजले त्यात त्याच्या बोटांचा वाटा गळ्याइतकाच होता. एप्रिल १९५६ मध्ये बर्मिंगहॅम येथे गोऱ्या वर्णद्वेष्ट्यांनी रंगमंचावर चढून त्याच्यावर हल्ला केला. त्याच वर्षी सुरू झालेल्या त्याच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमाला राष्ट्रीय पातळीवरचा प्रायोजक मिळाला नाही, आणि १९५७ मध्ये तो बंद पडला. १९६५ मध्ये वयाच्या ४५ व्या वर्षी तो गेला. पुढच्या बहुतेक संग्रहांत उरला तो व्हायोलिनांच्या लाटेवर तरंगणारा मखमली आवाज. पियानोपुढे बसलेला वादक आणि झगडलेला माणूस मागे पडले.

समग्र आणि निवडक

हे चित्र काही अंशी बदलले ते १९९० नंतर. कॉम्पॅक्ट डिस्कमुळे जुनी मुद्रणे पुन्हा काढणे परवडू लागले, आणि जाणकारांनी मूळ साचे, तारखा, वादकांची नावे शोधण्यास आरंभ केला. मोझेक या लहानशा कंपनीने १९९१ मध्ये किंग कोल ट्रायोची कॅपिटॉलसाठी केलेली सर्व मुद्रणे १८ डिस्कवर दिली. पियानोवादक कोल परत मिळाला. १९९३ मध्ये सिनात्राची कोलंबिया काळातील सर्व गाणी १२ डिस्कवर आली. आपल्याकडे समग्र वाङ्मयाचे खंड निघतात त्याच जातीचे हे काम होते, आणि त्याचा वाचकवर्गही तितकाच मर्यादित होता.

अशा कामाला मूळ वस्तू लागते. १ जून २००८ रोजी हॉलिवूडमधील युनिव्हर्सल स्टुडिओच्या आवारात आग लागली. तेथे मूळ ध्वनिमुद्रणांच्या फिती साठवलेल्या होत्या आणि त्यांत जुन्या डेक्का कंपनीचा संग्रहही होता, असे ‘न्यू यॉर्क टाइम्स’ने २०१९ मध्ये प्रसिद्ध केले. हानी किती झाली याबद्दल कंपनीने वाद घातला. आकडा काहीही असो, मूळ फीत एकदा गेली की उरतात त्या प्रतीच, आणि प्रतींत सर्वाधिक संख्या असते ती वेच्यांची.

मी वेच्यांचा शत्रू नाही. ‘नवनीत’ नसते तर मोरोपंत किती घरांत पोहोचले असते? मॅथिसची ती तबकडी नसती तर १९५७ ची सुटी गाणी किती कानांत राहिली असती? सामान्य रसिकाला सर्व काही ऐकण्याची सवड नसते, आणि त्याच्यासाठी कोणीतरी निवड करणे हे उपकाराचेच काम आहे. माझे म्हणणे एवढेच आहे की निवड कोणी केली, केव्हा केली, आणि निवडलेला पाठ मूळ आहे की मागाहून घडवलेला, हे कोठेतरी लिहिलेले असावे. विक्रेत्याला ते लिहिण्याची गरज वाटत नाही. ते काम ग्रंथालयाचे आहे.

ज्या ओसरीवर मी ते गाणे ऐकले ते घर आता बंद आहे. शेजाऱ्यांची पुढची पिढी इंग्लंडला स्थायिक झाली. सामान आवरताना त्यांनी तबकड्यांचे एक खोके माझ्याकडे आणून दिले. भंगारवाल्याने त्या घेतल्या नाहीत, असे ते संकोचाने म्हणाले. त्यातील ‘मोना लिसा’ची तबकडी कडेला किंचित टवका उडालेली असली तरी वाजते. तबकडीच्या कागदावर वाद्यवृंदाचा प्रमुख म्हणून लेस बॅक्स्टरचे नाव आहे. त्या गाण्याची वाद्यरचना मात्र नेल्सन रिडल या तेव्हा फारशा परिचित नसलेल्या तरुणाची होती. म्हणजे मूळ वस्तूसुद्धा सर्व खरे सांगतेच असे नाही, तिच्याशेजारीही एक टीप लागते. ते खोके मी वाचनालयाकडे सुपूर्द केले आहे. दाखलनोंदीत प्रत्येक तबकडीपुढे गायक, वर्ष, वाद्यरचनाकार आणि ‘मूळ मुद्रण’ किंवा ‘पुनर्मुद्रण’ असा शेरा मी स्वतः बसून लिहिला. ज्या थोड्या तबकड्यांचे वर्ष निश्चित करता आले नाही तेथे रकाना कोरा ठेवला आहे. सभासदांपैकी कोणाकडे माहिती असेल तर त्यांनी तो भरावा, आणि कोणाच्या माळ्यावर अशी खोकी असतील तर ती भंगारात देण्यापूर्वी एकदा वाचनालयात आणून दाखवावीत, ही विनंती.